वाक्यातलं 'म्हणे'

उमरेड, वॉशरीच्या खोल्या
३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मोठेबाबा,

नमस्कार. प्रज्वलच्या तेरवीला तुम्ही आलात, पानावर बसून नुसता भात चिवडलात, आणि निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीच बोलला नाहीत. मला ते बरं वाटलं. बाकी सगळे फार बोलून गेले.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. लहानपणी मी तुम्हाला इंग्रजीत पत्रं पाठवायची आणि तुम्ही ती लाल शाईनं रंगवून परत धाडायचे. बाबा मागावर बसल्या बसल्या म्हणायचे, "दादाच्या कागदावर आपल्या करवतकाठी धोतरापेक्षा जास्त लाल दिसून राह्यलं." हे पत्र मराठीत आहे. लाल शाई काढू नका.

कंपनीनं अपघाताची चौकशी लावली आहे. मुख्य कचेरी दुसऱ्या राज्यात, म्हणून सगळे कागद इंग्रजीत हवेत. माझं म्हणणं मी मराठीत लिहिलं आहे, सोबत जोडते. तुम्ही कोर्टाजवळच्या वकिलांचे तर्जुमे करता, तर माझा हा एक करून द्या. वैभवी वकीलबाई पुढचं बघणार आहेत.

झालं ते असं. सकाळी पावणेअकराला वॉशरीत कोळशाच्या ढिगावर प्रज्वलचा डंपर मागे घेताना कडेवरून खाली गेला. खाली इशारा द्यायला चंदन उभा होता. तोही गेला. दोघांपर्यंत माणसं पोचली दीड वाजता. पण मला सुपरवायझर रुपरावचा फोन आला अकरा वाजून दहा मिनिटांनी. म्हणाला, "बाई, तुमचा माणूस पिऊन होता. गाडी त्यानंच घातली खाली." मोठेबाबा, अजून कोणी त्याच्याजवळ पोचलंच नव्हतं. मग याला वास कुठून आला? प्रज्वल तीन दिवस सांगत होता, "ब्रेक पायाखाली लोण्यासारखा जाऊन राह्यला. रुपरावले सांगतलं त म्हणते, चालू दे."

माझं सगळं म्हणणं त्या फोनवर उभं आहे. प्रज्वल पिऊन होता असं ठरलं, तर चंदनला त्यानं मारलं असं होईल. चंदनची बायको भारती आमच्या भिंतीपलीकडे राहते. आमचा नळ एकच आहे. मला दुसरं काही नको. त्याच्या नावावर दारू आणि चंदन, या दोन गोष्टी लागायला नकोत.

पोटातले नमुने तपासायला गेले आहेत, त्याला महिने लागतील म्हणतात. तोवर माझा हा कागदच आहे.

तुमची
दामिनी


तांडापेठ, नागपूर
९ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

आशीर्वाद. लाल शाई काढली नाही, पण दोन ठिकाणी हात शिवशिवला हे कबूल करतो. तुझं पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि मग दोन तास घरभर शोधलं. चष्म्याच्या डबीखाली होतं. वय झालं, दुसरं काय.

तर्जुमा तयार आहे. आता तुझा मोठेबाबा थोडी मास्तरकी करणार, ती सोस. चौतीस वर्षांची सवय आहे, पेन्शन मिळाली म्हणून जात नाही.

सोबत जोडलेल्या म्हणण्यात तू लिहिलंस, "तुमचा माणूस पिऊन होता म्हणे, असा फोन आला." यातला 'म्हणे' केवढासा, पण सगळा भार त्याच्यावर. 'पिऊन होता' म्हटलं की सांगणारी तू. 'पिऊन होता म्हणे' म्हटलं की सांगणारा दुसरा, आणि तुझा त्यावर भरवसा नाही हेही आलं. इंग्रजीला असं शेपूट नाही. तिथे सांगणाऱ्याला वाक्याच्या पोटात बसवावं लागतं. मी असं बसवलं आहे: 'माय हजबंड, हू ही सेड वॉज ड्रंक.' माझा नवरा, जो पिऊन होता असं तो म्हणाला.

इथे भलेभले घसरतात. 'ही सेड' दिसलं की त्यांना वाटतं, आधी 'हूम' पाहिजे. बी.ए. झालेली पोरं 'हूम ही सेड' लिहायची आणि मी अर्धा मार्क कापायचो. त्यावर माझी एक युक्ती होती, तुलाही शिकवली असेल. 'ही सेड' बोटानं झाकायचं. उरलेलं वाच: 'हू वॉज ड्रंक.' वाक्य उभं राहिलं ना? मग 'हू' बरोबर. झालं. बोट उचलायचं आणि पुढे जायचं. या बोटाच्या युक्तीवर तांडापेठेतली किती पोरं नोकरीला लागली, त्याचा हिशोब नाही.

वैभवी वकील लहान पोरगी आहे, पण इंग्रजी चांगलं आहे तिचं. तिला हे वाक्य दाखवायला मी उत्सुक आहे, खोटं कशाला बोलू.

१८ तारखेला सकाळच्या एस.टी.नं ये. कोर्टाजवळ तुझी सही होईल. प्रज्वलच्या नावाला डाग लागणार नाही. हे मी इंग्रजीच्या भरवशावर सांगतो आहे, देवाच्या नाही.

तुझे
मोठेबाबा


उमरेड
२२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मोठेबाबा,

नमस्कार. सही करून आले तेव्हापासून झोप लागते आहे. तुम्ही टायपिस्टच्या टेबलाशी उभं राहून तीन पानं मला मराठीत वाचून दाखवलीत, तेव्हा आजूबाजूची माणसं कान देऊन ऐकत होती. रुपरावच्या फोनपाशी तुमचा आवाज जरा चढला. 'पिऊन होता म्हणे' हे तुम्ही अशा आवाजात म्हटलंत की शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "खोटारडा दिसते हा सुपरवायझर." मी मनात म्हटलं, जिंकलो.

इंग्रजी पानं मी वाचली नाहीत. वाचायला बसले असते तर शब्दागणिक अडले असते, आणि तुम्ही लिहिलेलं मी काय तपासणार? फक्त दुसऱ्या पानावर पांढऱ्या शाईचा पट्टा दिसला, बाजूला तुमची बारीक सही. ते तुम्ही बघितलंच असेल.

काल भारती नळावर भेटली. तिला सगळं सांगितलं. तिनं माझी बादली आधी लावली आणि म्हणाली, "लोक काई म्हणोत वं, मी प्रज्वलभाऊले वळखते. दोघं एका डब्यात जेवत होते." मग आम्ही दोघी तिथंच रडलो. बादली भरून वाहत होती, नळ कोणी बंद केला नाही.

सासूबाई तुम्हाला नमस्कार सांगतात. म्हणतात, सूनबाईच्या मोठेबाबांनी इंग्रजीत लिहिलं म्हणजे आता साहेबाले वाचाच लागन.

तुमची
दामिनी


तांडापेठ, नागपूर
३० डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पांढऱ्या पट्ट्याचं विशेष काही नाही. टायपिंगची किरकोळ दुरुस्ती होती. कोर्टाच्या कागदांत असं चालतंच.

इथे थंडी फार आहे. संत्री पाठवणार होतो, पण बाजारात जाणं झालं नाही. तब्येत सांभाळ. तुझ्या सासूबाईंना, इंदूबाईंना नमस्कार.

मोठेबाबा


उमरेड
२ मार्च २०२५

मोठेबाबा,

चौकशीचा अहवाल आला. कंपनीच्या फळ्यावर लावला आहे, खाली मराठी सार. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं आहे, कारण खोल्यांमधल्या बायका ते एकमेकींना म्हणून दाखवतात: "चालक मद्यधुंद होता, हे मृताच्या पत्नीनेच प्रतिज्ञेवर मान्य केलेले असल्याने अन्य पुराव्याची आवश्यकता नाही."

ब्रेकबद्दल एक ओळ नाही. नमुन्यांसाठी थांबायची गरज नाही म्हणतात. रुपरावनं फोन कधी केला, कशाला केला, काही नाही.

मी फळ्यापुढे उभी राहून सगळ्यांना सांगत होते की मी असं लिहिलेलंच नाही. रुपराव तिथंच होता. त्यानं कागद उघडून बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "सही तुमचीच न बाई?" सही माझीच होती.

घरी आले तर सासूबाई दारात बसल्या होत्या. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. म्हणाल्या, "माह्या पोरानं जिंदगीत सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. अन् तू नागपूरले जाऊन दारू लिहून आली." मी पाया पडले, शपथा घेतल्या. त्या म्हणाल्या, "मले इंग्रजी येत नाही, पण फळ्यावर त मराठी आहे न."

आणि भारती. नळावर ती आली, मला बघून थांबली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी झेलल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कोणी म्हटलं असतं त मी त्याच्या तोंडावर थुकली असती. तूनं लिहून देलं वं. काहून लिहून देलं?" आणि रिकामी बादली घेऊन परत गेली. आता ती पलीकडच्या ओळीतल्या नळावर पाण्याला जाते, तिकडे अर्धा तास लागतो.

रात्रभर डिक्शनरी घेऊन माझ्याकडच्या झेरॉक्समधलं ते पान वाचलं. त्यात आहे: 'अबाउट माय हजबंड, हू वॉज ड्रंक.' 'ही सेड' कुठे आहे, मोठेबाबा? तुम्ही पत्रात लिहिलं होतं ते. तुम्ही मला वाचून दाखवलं त्यात होतं. कागदात नाही.

मला लवकर कळवा. कदाचित मीच चुकीचं वाचत असेन.

दामिनी


तांडापेठ, नागपूर
७ मार्च २०२५

चि. दामिनी,

पत्र वाचून वाईट वाटलं. चौकशी करणाऱ्यांनी संदर्भ सोडून वाचलं आहे. संपूर्ण परिच्छेद फोनबद्दल आहे, तेव्हा जे काही सांगितलं ते फोन करणाऱ्यानं सांगितलं, हे वाचणाऱ्यानं समजून घ्यायला हवं. इंग्रजीत पुष्कळ गोष्टी अध्याहृत असतात. ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं बिनचूक आहे.

तू धीर सोडू नकोस. सत्य कधी लपत नाही. वैभवीशी मी बोलतो.

मोठेबाबा


उमरेड
१५ मार्च २०२५

मोठेबाबा,

परवा मी नागपूरला येऊन गेले. तुमच्याकडे आले नाही.

वैभवीताईंच्या फायलीत सहीच्या वेळची दुसरी प्रत आहे. तुमचा टायपिस्ट जुन्या मशीनवर मारतो, त्याची अक्षरं कागदात रुततात. मी ते पान उलटं करून खिडकीच्या काचेला लावलं. पांढऱ्याखाली उलट्या अक्षरांत 'ही सेड' स्पष्ट दिसतं. आधी होतं. मग झाकलं. शेजारी तुमची सही आहे.

व्याकरण बिनचूक आहे म्हणता. असेल. तुम्ही मला शिकवलेलं सगळं बिनचूकच होतं.

काहून झाकलं, एवढं सांगा.

दामिनी


तांडापेठ, नागपूर
२१ मार्च २०२५

दामिनी,

तुला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. जे झालं ते सांगतो. मध्ये कुठे माझी बाजू घेताना दिसलो तर तिथे लाल शाई मार.

त्या दिवशी तू यायच्या आधी टायपिंग झालं होतं. वैभवी पानं वाचत होती. दुसऱ्या पानावर ती थांबली आणि अदबीनं म्हणाली, "सर, इथे 'हूम' यायला पाहिजे ना?" एवढंच. हा प्रश्न मला चौतीस वर्षांत हजारदा विचारला गेला असेल, आणि प्रत्येक वेळी मला मनातून आनंद व्हायचा. मी तोंड उघडलं आणि उत्तर आलं नाही.

दामिनी, उत्तर होतंच कुठे. मी वाक्याकडे बघत होतो. 'हू' वाचलं तर चूक वाटायचं, 'हूम' वाचलं तर तेही चूक वाटायचं. आपलंच घर आणि आपल्यालाच दार सापडत नाही, तसं झालं. तिच्या केसचा पुकारा झाला, ती कोर्टात गेली. टायपिस्ट विचारत होता, "सर, पान पुन्हा माराचं का?" मागे चार माणसं उभी होती. आणि तेव्हा एक गोष्ट आठवली: बोटानं झाकायचं. मी 'ही सेड' झाकलं. वाचलं. 'हू वॉज ड्रंक.' वाक्य उभं राहिलं. इतकं स्वच्छ, सरळ वाक्य की मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "हे दोन शब्द काढून टाक." त्यानं पांढरं लावलं. मी बाजूला सही केली. बोट उचलायचं असतं, हे मला आठवलं नाही.

मग तू आलीस आणि मी तुला वाचून दाखवलं. माझ्या हातात इंग्रजी पान होतं, पण मी वाचत होतो तुझं मराठी, डोक्यातलं. म्हणून त्यात 'म्हणे' आलं. तुला फसवायचा विचार नव्हता. मला खरंच वाटत होतं की तेच लिहिलं आहे.

इथपर्यंत म्हातारपण. याच्या पुढचं म्हातारपण नाही.

तुझं २२ डिसेंबरचं पत्र आलं, पांढऱ्या पट्ट्याचं. मी माझी प्रत काढून वाचली. त्या वेळी डोकं ठिकाणावर होतं. पहिल्या वाचनातच कळलं की मी काय केलं आहे. तुझ्या तोंडून मी तुझ्या नवऱ्याला दारुडा ठरवलं होतं. चौकशी अजून व्हायची होती. एक दुरुस्तीपत्र दिलं असतं तर पंधरा मिनिटांत काम झालं असतं. त्यासाठी मला वैभवीला सांगावं लागलं असतं की शालिकराम मास्तरांना 'हू' आणि 'हूम' आठवलं नाही. मी कागद दुमडून ठेवला. मनाची समजूत घातली की वाचणारे शहाणे असतील, पुढेमागे बघून अर्थ लावतील. आणि तुला संत्र्यांचं लिहिलं.

साधी दोन वाक्यं लिहिता आली असती. 'त्याने फोन केला. तो म्हणाला की नवरा पिऊन होता.' सातवीच्या पोराला येतात. त्यात हू नाही, हूम नाही. पण मला माझी कारागिरी दाखवायची होती. आपल्या घरात मागावर बसायचं सोडून पुस्तकाला हात लावणारा मी पहिला. तुझ्या बाबाचा ताण्यातला एक धागा तुटला तर तो माग थांबवायचा, सांधायचा, मगच पुढचा धोटा टाकायचा. मी तुटलेला बघितला आणि विणत राहिलो.

आता मी प्रतिज्ञापत्र देणार आहे की चूक माझी, दामिनीनं असं कधीच म्हटलं नव्हतं. जे लपवायला हे केलं तेच चारचौघांत सांगणार आहे. याचा तुला उपयोग होवो.

शालिकराम


तांडापेठ, नागपूर
२६ एप्रिल २०२५

दामिनी,

तू उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस. तरी काय झालं ते तुला कळायला हवं.

चौकशी अधिकाऱ्यापुढे काल हजर झालो. माणूस सभ्य होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही लिहिता की त्या दिवशी तुम्हाला नियम आठवला नाही. असं तुम्हाला वारंवार होतं का?" मी खरं सांगितलं. हो म्हणालो. सांगितलं की खिशात चिठ्ठ्या ठेवतो, घराचा पत्ताही लिहून ठेवला आहे. मला वाटलं, जितकं खरं सांगेन तितका तुझा कागद खोटा ठरेल.

मग त्यानं विचारलं, "आज तारीख काय?" मी महिना चुकवला. मार्च म्हणालो. त्यानं ते लिहून घेतलं. पुढे म्हणाला, "मग तुम्ही तेव्हा विसरला होता, की आता चुकीचं आठवता आहात, हे मी कसं ठरवावं?"

प्रश्न रास्त होता.

वैभवीनं बाहेर रिक्षा करून दिली. चालकाला तिनं पत्ता सांगितला, मला विचारला नाही.

शालिकराम


उमरेड, आईकडे
१९ जुलै २०२५

मोठेबाबा,

नमस्कार. कंपनीचं शेवटचं पत्र आलं. इंग्रजीत आहे. यावेळी तर्जुमा मीच केला, डिक्शनरी घेऊन, चार दिवस लागले. तुमच्याकडे पाठवायची हिंमत झाली नाही, आणि वैभवीताईंना विचारायचं नव्हतं. त्यात तुमच्याबद्दल एक वाक्य आहे. तुम्ही इंग्रजीचे जाणकार, म्हणून जसंच्या तसं उतरवते:

'द मिस्टेक, विच द ट्रान्सलेटर क्लेम्स वॉज हिज.'

ती चूक, जी आपली होती असं अनुवादक म्हणतो. मी 'द ट्रान्सलेटर क्लेम्स' बोटानं झाकून बघितलं. उरलेलं वाक्य उभं राहतं: ती चूक, जी त्याची होती. म्हणजे त्यांना बोट ठेवायचं माहीत आहे आणि उचलायचंही माहीत आहे. तुम्ही सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला त्यांनी बरोबर 'म्हणे' लावलं. रुपरावच्या खोट्याला लावायचं ते आपल्याकडून निघून गेलं. साहेबाचं इंग्रजी पक्कं आहे. तुम्ही त्याला पूर्ण मार्क दिले असते.

नमुन्यांचंही आलं. नमुना टिकला नाही, निष्कर्ष काढता येत नाही, असं प्रयोगशाळेनं लिहिलं. म्हणजे प्रज्वल पिऊन होता की नव्हता, हे सांगणारं जगात आता एकच उरलं, माझी सही. फाईल बंद केली आहे.

मी खोली सोडली. सासूबाईंनी जा म्हटलं नाही. फक्त मी जेवायला वाढलं की त्या पानावरून उठायच्या. त्यांनी भिंतीवरचा त्याचा फोटो काढून पेटीत ठेवला आहे. म्हणाल्या, "येणारे-जाणारे त्याच्याकडं कसे पाहून राह्यले, ते मले पाहवत नाही." निघताना फोटो मागितला, तर दिला नाही.

भारतीकडे तुमच्या प्रतिज्ञापत्राची प्रत घेऊन गेले होते. पूर्ण वाचून दाखवली, मराठीत. तिनं ऐकलं. शेवटी म्हणाली, "तवाही तुह्या मोठेबाबानं तुले मराठीत वाचूनच दाखवलं होतं न वं?" मी उठून आले. तिचं बरोबर आहे. यापुढे मी कुणालाही काहीही वाचून दाखवलं, तरी खाली वेगळंच लिहिलं असेल असं तिला वाटणार.

आई म्हणते, तुम्ही आता घराबाहेर पडत नाही आणि पोळीचा तुकडा हातात धरून बसून राहता. मला दया येते, आणि दया आली की राग येतो. तुम्ही विसरलात, त्याचा मला कधीच राग आला नाही. विसरण्याला कोण काय करणार. तुम्हाला आठवलं होतं, आणि तुम्ही मला संत्र्यांचं लिहिलं, ते मला गिळता येत नाही. तेव्हा दोन महिने हातात होते.

काल आत्या आली होती. मी स्वयंपाकघरात होते. आई तिला ओसरीवर सांगत होती, "जाऊ दे, म्हाताऱ्या माणसावर किती दिवस राग धराचा. दामिनीनं माफ केलं म्हणे त्याईले."

हे वाक्य तुमच्यापर्यंत येईल. आत्या तुमच्याकडे जाणारच आहे, ती सांगेल. तुम्ही ते ऐकाल आणि बरं वाटेल म्हणून मनात घोळवाल.

आईच्या वाक्यात शेवटी एक शब्द आहे, मोठेबाबा. तो तेवढा झाकू नका.

दामिनी